गेरूच्या रेघेपलीकडे

रविवारी सकाळी आठच्या आत पोचलं नाही, तर रूपराव महाराजांच्या मळ्यात नंबर दुपारनंतरच लागायचा. हिंगणीच्या पुढे, जंगलाच्या कडेला, सागाच्या झाडांना बांधलेली निळी ताडपत्री आणि तिच्याखाली उकिडवी बसलेली दीड-दोनशे माणसं. कोणाच्या पाठीवर फोड, कोणाच्या मांडीवर, एका म्हाताऱ्याच्या तर थेट डोळ्याजवळ. तळेगावहून, आर्वीहून, पार नागपूरहून आलेल्या गाड्या रस्त्याच्या कडेला लागलेल्या. समोर चौरंगावर महाराज, पुढ्यात दुधानं भरलेली काचेची बरणी आणि हातात तो दगड.

दगड काळा, चपटा, चिंचोक्यापेक्षा जरा मोठा. महाराज तो फुटलेल्या फोडावर ठेवायचे आणि हात अलगद काढून घ्यायचे. दगड पडायचा नाही. माणूस उभा राहिला तरी नाही, खोकला तरी नाही.

"पाह्यलं? धरलं त्यानं!" महाराज माइकवर ओरडायचे. "हा साधा गोटा नाई, नागाच्या टाळूतला मणी हाय. इख पिऊन राह्यला तो. पोट भरलं का आपोआप सोडते!"

पाच-सात मिनिटांनी दगड खरंच गळून पडायचा. महाराज तो उचलून दुधात टाकायचे आणि बरणीत तळापासून बुडबुड्यांच्या माळा वर यायच्या. "हे पाह्य, इख उसळून राह्यलं!" सगळे हात आपोआप जोडले जायचे. मग दगड उन्हात तापत ठेवलेल्या तव्यावर जायचा. महाराज त्याला दगडाचं तप म्हणायचे. असे पाच दगड आळीपाळीनं तप करत असत. एका नागाला पाच टाळू होत्या का, हे कोणी विचारलं नाही. हेही कोणी विचारलं नाही, की सहा वर्षांपूर्वीपर्यंत नळाच्या टाकीचा वॉल्व्ह उघडबंद करणाऱ्या रूपरावाला नागानं हात नसताना ते दगड दिले कसे.

अंगाच्या एका बाजूला पट्ट्यानं उठणारे, आग करणारे, पाण्यानं भरलेले फोड म्हणजे नागीण. तिचं तोंड आणि शेपूट एकमेकांना भिडलं, अंगाला पुरता वेढा बसला, की माणूस गेला, ही जुनी समजूत. त्यामुळे दगड झाला की महाराज वाटीत गेरू कालवायचे आणि फोड जिथं संपतात त्याच्या पुढे, पोटाच्या बरोबर मधोमध, एक उभी लाल रेघ ओढायचे. "ही लक्ष्मणरेघा. नागीण इच्या पलीकडं जाणार नाई." मग एकवीस दिवसांचं पथ्य. वांगं नाही, तेल नाही, आणि दवाखाना तर मुळीच नाही. सुई टोचली की नागीण चवताळते म्हणे.

आणि लोक बरे होत होते. हे लिहायलाच हवं, कारण सगळी गोम तिथंच आहे. शंभरातले नव्वदाहून जास्त लोक एकवीस दिवसांत खडखडीत बरे होत होते.

त्यातलीच एक पंचफुला. कालव्याच्या पाण्यावर सांभार म्हणजे कोथिंबीर, मेथी, पालक काढणाऱ्या घरातली, पन्नाशीला टेकलेली, बोलायला पक्की. मागच्या दिवाळीत तिच्या कमरेला नागीण निघाली. पाच दिवस नुसती आग झाली, मग फोड आले. महाराजांनी दगड लावला, रेघ ओढली, आणि एकविसाव्या दिवशी खपल्या गळून पडल्या. तेव्हापासून दर रविवारी महाराज तिला अनुभव सांगायला उभं करायचे. जन्मात तिच्या हातात कोणी माइक दिला नव्हता. बाजारात जुड्या विकताना गळा फाडून ओरडावं लागायचं, आणि इथं ती हळू बोलली तरी दोनशे माणसं कान टवकारून ऐकायची. खोटं कशाला सांगा, तिला ते आवडायला लागलं होतं.

"मले तं बसता येत नव्हतं, उठता येत नव्हतं," ती सांगायची. "या दगडानं माहं इख पिलं. बाया हो, दवाखान्याच्या भानगडीत पडू नोका."

हे वाक्य तिला महाराजांनी शिकवलेलं नव्हतं. ते तिनं स्वतःच्या पदरचं जोडलं होतं.

होळीच्या सुमारास तिची थोरली जाऊ देवकाबाई न्हाणीतून हाक मारत म्हणाली, "पंचफुले, पाह्य वं, मले तुह्यासारखंच काई निंघालं." उजव्या बरगड्यांवर, पुढून पाठीकडे जाणाऱ्या पट्ट्यात, लालसर गाठी उठल्या होत्या. हरभऱ्याएवढ्या. पंचफुलानं एक नजर टाकली आणि निदान करून मोकळी झाली. "नागीणच हाय बाई. रवारी जाऊ."

पण देवकाबाईच्या गाठींवर दगड चिकटेना. महाराजांनी ठेवला, पडला. पुन्हा ठेवला, पुन्हा पडला. रांगेत कुजबुज सुरू झाली. महाराजांनी क्षणभर डोळे मिटले आणि मग बाभळीच्या काट्यानं एक गाठ खरवडली. देवकाबाईनं ओठ दातांखाली धरला. रक्त आलं, आणि रक्तावर दगड घट्ट बसला.

"थोरली नागीण हाय," महाराज म्हणाले. "पाणनागीण एकवीस दिवसांत जाते. हे थोरली, इले तीन एकवीस लागते. धीर धर बाई."

देवकाबाईनं धीर धरला. एप्रिल गेला, मे गेला. दर रविवारी काटा, दगड, दूध, रेघ. गाठी वाढत गेल्या, दोन-तीन फुटून चिघळल्या, उजवा हात सुजून जड झाला. देवकाबाईनं वांगं सोडलं, तेल सोडलं, शेवटी मीठसुद्धा सोडलं. तिचा नवरा किसनराव सकाळी भाजीचे गठ्ठे मोटरसायकलवर बांधताना रोज एकच विचारायचा, "आज कमी वाट्टे काय वं?" आणि ती रोज म्हणायची, "हो, कमी हाय."

जूनमध्ये एका गुरुवारी पंचफुला तिची पाठ चोळून देत होती. देवकाबाईला आता हात मागे नेता येत नव्हता. बेंबीच्या वर रविवारची गेरूची रेघ अजून फिकट दिसत होती. आणि तिच्या पलीकडे, डाव्या बाजूला, तीन गाठी होत्या.

"बाई, हे कधी आलं?"

देवकाबाईनं त्या आधीच पाहिल्या होत्या. तिची मान तेवढी खाली गेली.

त्या रविवारी महाराजांनी रेघ पाहिली, गाठी पाहिल्या, आणि त्यांचा चेहरा पडला. पण धंद्यात मुरलेला माणूस. त्यांनी लगेच विचारलं, "घरात गरवार बाई हाय?"

होती. देवकाबाईची सून रंजिता सातव्या महिन्यात होती.

"मंग झालं! गरवार बाईची सावली पडली का साप आंधळा होते, हे लेकरालेई माहीत हाय. माही नागीण आंधळी झाली. तिले रेघ दिसलीच नाई. आता मी काय करू? दगडात खोट नाई, मंत्रात खोट नाई. खोट तुमच्या घरात हाय."

दुसऱ्या दिवशी रंजिताची बॅग भरली गेली. तिच्या नवऱ्यानं, शुभमनं, तिला मोटरसायकलवर नालवाडीला माहेरी नेऊन सोडलं. जाताना ती सासूच्या पाया पडायला वाकली, तर देवकाबाई ओरडली, "दूर राह्य! माह्या जिवावर उठली का?" पोरगी ओट्यावरच थिजली. पंचफुला दारात उभी होती. तिला काहीतरी बोलायचं होतं, पण बोलली नाही. आपल्याला माइक मिळाल्यापासून आपण नको तिथं बोलतो आणि हवं तिथं गप्प बसतो, असं तिला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

त्यानंतरचे दिवस वाईट होते. चिघळलेल्या गाठींना वास यायला लागला. शेजारणी दारातूनच विचारपूस करून जायच्या. देवकाबाई स्वतःच म्हणायची, "माह्याच मनात पाप असन. तू बरी झाली ना? मंग मी काऊन नाई झाली?"

या प्रश्नानं पंचफुलाची झोप उडवली. एका सोमवारी तिनं देवकाबाईला सांगितलं, "चला, नालवाडीले जाऊ. पोरीले दुरूनच पाहून येऊ. तुमचंही मन हलकं होईन." देवकाबाईला सुनेची आठवण सलत होतीच. ती तयार झाली. वर्ध्यात उतरल्यावर पंचफुलानं ऑटोवाल्याला नालवाडी न सांगता मोठ्या दवाखान्याचं नाव सांगितलं.

"खोटारडे!" ऑटो वळला तशी देवकाबाई म्हणाली. "मले मारतं काय तू? सुई टोचली तं..."

"टोचू द्या," पंचफुला म्हणाली. "मी आहो तुमच्या संगं."

चामडीच्या विभागातली डॉक्टर तिशीच्या आतली होती. आचल नाव. तिनं वासाकडे लक्ष न देता खुर्ची जवळ ओढली आणि विचारायला सुरुवात केली.

"फोड यायच्या आधी त्या जागी आग झाली होती का? तीन-चार दिवस?"

"नाई जी. आग नाई, दुखणं नाई."

"पहिल्यांदा पाण्यानं भरलेले होते?"

"नाई. पह्यलेपासून अशेच टणक."

पंचफुलाला स्वतःला पाच दिवस आग झाली होती, फोड पाण्यानं टरारले होते. दोन प्रश्नांत दोन्ही गोष्टी वेगळ्या निघाल्या. चार महिन्यांत महाराजांनी हे विचारलं नव्हतं. तिनंही विचारलं नव्हतं.

"आणि ही लाल रेघ कसली?"

पंचफुलानं सांगितलं. नागीण, तोंड, शेपूट, वेढा. डॉक्टर हसली नाही. तिनं हातमोजा घातलेलं बोट रेघेवरून फिरवलं, मग डावीकडच्या गाठींवर ठेवलं.

"मावशी, तुम्हाला झाली होती ती खरी नागीण. तो विषाणूचा आजार आहे. लहानपणी कांजिण्या येऊन जातात, पण तो विषाणू पाठीच्या कण्याजवळ नसेच्या मुळाशी झोपून राहतो. कधीतरी जागा होतो आणि त्या एका नसेवर फोड येतात. कण्यातून प्रत्येक बाजूला वेगळी नस निघते. उजवीकडची नस उजव्या बाजूनं पोटाच्या मध्यापर्यंत येते आणि संपते. त्यामुळे नागीण सहसा मध्य ओलांडतच नाही. रेघ ओढली तरी नाही, न ओढली तरी नाही. आणि दोन-चार आठवड्यांत बहुतेकांची आपली आपण बरी होते."

"आपली आपण?"

"औषधानं त्रास कमी होतो. डोळ्याजवळ आली तर मात्र लगेच धावायला हवं, नाहीतर नजर जाते. पण बरी होते."

पंचफुलाला डोळ्याजवळ फोड असलेला तो म्हातारा आठवला. तिच्या अनुभवाला त्यानंच सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या होत्या.

"यांच्या गाठी मध्य ओलांडून गेल्यात," डॉक्टर पुढे म्हणाली. "चार महिने झाले, खपली नाही, आग नाही, टणक आहेत. म्हणजे ही नागीण नाही. ज्यानं ही रेघ ओढली, त्याला तीच रेघ वाचता आली असती, तर त्यानं त्याच दिवशी यांना इकडे पाठवलं असतं." मग तिनं देवकाबाईकडे वळून विचारलं, "आई, आधी कधी ऑपरेशन झालंय?"

"झालतं जी. पित्ताच्या खड्याचं," देवकाबाई पटकन म्हणाली.

पंचफुला खाली फरशीकडे पाहत राहिली. चार वर्षांपूर्वी याच शहरात देवकाबाईचा उजवा स्तन काढला होता. गावाला सांगितलं पित्ताचा खडा. पोलक्यात कापडाची घडी घालून ती वावरायची. शुभमलाही नीट माहीत नव्हतं. माहीत होतं किसनरावाला आणि पट्ट्या धुणाऱ्या पंचफुलाला, आणि तिला देवकाबाईनं शुभमची आन घातली होती. पुढच्या उपचारातल्या अर्ध्या सलाइनी झाल्यावर बरं वाटलं म्हणून जाणंही सोडून दिलं होतं. महाराजांपुढे ती फक्त बरगड्या उघड्या करायची. पोलकं कधी काढलं नाही.

"छाती काढली यांची," पंचफुला म्हणाली. "कॅन्सरची गाठ होती. चार वर्सं झाले."

देवकाबाईनं तिच्याकडे असं पाहिलं की पंचफुलाला वाटलं, आता ही जन्मात आपल्याशी बोलणार नाही. मग तिनं स्वतःच पोलक्याची बटणं काढायला घेतली.

जुन्या व्रणाच्या कडेनं गाठींची रांग होती. बरगड्यांवरच्या गाठी तिथूनच निघाल्या होत्या. डॉक्टरनं जागा बधिर करून साबुदाण्याएवढा तुकडा काढला आणि देवकाबाईला भरती करून घेतलं. आठवड्यानं रिपोर्ट आला. कॅन्सर तोच होता आणि तो कातडीत उतरला होता. फोटो काढले तेव्हा यकृतातही दिसला.

"चार महिने आधी आलो असतो तं?" पंचफुलानं डॉक्टरला बाजूला घेऊन विचारलं.

"पूर्ण बरा झाला असता, असं मी म्हणणार नाही. तेव्हाही तो पसरलेलाच असेल. पण गोळ्या लवकर सुरू झाल्या असत्या. या जखमा, हा वास, हा हात कदाचित टळला असता. आणि दिवस जास्त मिळाले असते. किती, ते मला सांगता येत नाही."

देवकाबाईला सगळं सांगितलं तेव्हा तिनं आजाराबद्दल काहीच विचारलं नाही. तिनं एवढंच विचारलं, "म्हंजे माह्या सुनेचा काई दोष नाई?"

"कुणाचाच नाही, आई. तुमचाही नाही."

तेव्हा ती रडली. काट्यानं खरवडताना जिनं आवाज काढला नव्हता, ती बाई दवाखान्याच्या खाटेवर हमसून हमसून रडली. संध्याकाळी रंजिता आली, पोट सांभाळत तिच्या उशाशी बसली, आणि देवकाबाईनं तिचा हात धरून ठेवला तो नर्सनं सांगेपर्यंत सोडला नाही.

घरी आल्यावर पंचफुलाच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत राहिली. नागीण आपली आपण जाते, ठीक. मग तो दगड चिकटतो कसा? दूध उसळतं कसं? दुपारी गोठ्याचं छप्पर शाकारताना तिच्या हाताला कवेलूचा, मातीच्या कौलाचा, एक फुटका तुकडा लागला आणि ती तशीच उभी राहिली. शुभमच्या वेळी गरवार असताना देवकाबाईला मातीचे डोहाळे लागले होते. दोघी जावा चोरून कवेलूचे तुकडे चाटायच्या, आणि कोरडा तुकडा जिभेला असा धरायचा की ओढून काढावा लागायचा. तिनं तो तुकडा धुतला, चुलीजवळ कोरडा केला, जिभेवर ठेवला. चिकटला. ओला झाल्यावर सुटला. पुन्हा वाळवून वाटीभर दुधात टाकला, तर दुधातून बुडबुड्यांची माळ वर आली. कवेलू असो नाहीतर जाळलेलं हाड, ज्याचे असे काळे दगड करतात, कोरडं असलं की ओल शोषतं, शोषताना धरून बसतं, भरलं की सोडतं, आणि आतली हवा बाहेर पडते. दगडाचं तप म्हणजे काय, तेही तिला कळलं. वाळवल्याशिवाय तो पुन्हा चिकटलाच नसता.

शनिवारी ती दवाखान्यात गेली. "बाई, मले उद्या तिथं बोलायचं हाय. पण तुमचं सांगतल्याबिगर ते खरं वाटणार नाई. आणि तुमचं सांगतलं तं सगळंच सांगा लागन."

देवकाबाई खिडकीकडे तोंड करून पडली होती. ती तशीच म्हणाली, "छाती काढली हे सांगजो. नाव घेऊन सांगजो. नाईतर लोकाले वाटन, कोणाची तरी गोष्ट हाय."

रविवारी महाराजांनी नेहमीसारखी हाक दिली, "आता पंचफुलाबाई आपला अनुभव सांगन!" पंचफुलानं माइक घेतला, पदराच्या गाठीतून कवेलूचा तुकडा काढला, जीभ बाहेर काढली आणि तुकडा जिभेवर ठेवला. मान खाली केली. तुकडा लटकत राहिला. पोरं हसली. मग तिनं दुसरा कोरडा तुकडा काढून महाराजांच्या बरणीत टाकला. दूध उसळलं.

"हे आमच्या गोठ्याचं कवेलू हाय," ती म्हणाली. "यानं कोणाचं इख पिलं, महाराज?"

महाराज क्षणभर गडबडले. "कवेलूच्या खाली साप राह्यते! त्याचाच गुण लागला त्याले!"

"मंग आमच्या साऱ्या गोठ्याची पूजा करा," कोणीतरी मागून ओरडलं आणि हशा पिकला. पण तो फार टिकला नाही, कारण पंचफुला पुढचं बोलायला लागली होती.

"मी बरी झाली, हे खरं हाय. पण मी बरी होणारच होती. या दगडाबिगरही झाली असती. ज्यायले नागीण झाली आणि जे इथं आले नाई, त्यायले विचारा."

रांगेतला नानाजी म्हणून एक म्हातारा चाचरत म्हणाला, "माह्या मायले झालती. आम्ही तं नुसतं तूप लावलं. गेली बापा."

"पण माह्या जावेले नागीण नव्हतीच. देवकाबाईले. तिची छाती काढेल हाय, कॅन्सरनं. तोच कॅन्सर कातडीत आला. मी पाह्यलं आणि म्हटलं नागीण. मी आणली तिले इथं. चार महिने या काट्यानं तिच्या कॅन्सरची गाठ खरवडली, आणि मी हात जोडून पाहत बसली. माह्या भरोशावर ती दवाखान्यात गेली नाई. मी माइकवर सांगत होती ना, दवाखान्याच्या भानगडीत पडू नोका? ते खोटं होतं. मले माहीत नव्हतं, तरी सांगतलं."

रांगेतून आनंदाबाई नावाची एक बाई उठून ओरडली, "निमकहराम! ज्यानं बरं केलं त्याच्यावर उलटली! तुह्या जावेचं कर्म तिच्यापाशी!" दोन-चार जणींनी तिची री ओढली. महाराजांच्या माणसानं माइकची वायर उपटली. पंचफुला मग बाजारातल्या आवाजात ओरडून बोलली, आणि तो आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचला.

"जो तुम्हाले काई विचारतच नाई, त्याच्यापाशी जाऊ नोका! कधी निंघालं, आग होते का, आधी काय झालतं, हे ज्यानं विचारलं नाई, त्याले कसं समजन तुम्हाले काय झालं? फोड दोन-तीन हप्त्यांत गेला नाई, वाढून राह्यला, टणक लागला, तं दवाखान्यात जा. लाज वाटली तरी जा. सांगायचं ते सारं सांगा!"

डोळ्याजवळ फोड असलेल्या म्हाताऱ्याच्या मुलानं त्याला हाताला धरून उठवलं आणि गाडीकडे नेलं. अजून तीस-चाळीस जण उठले. बाकीचे बसून राहिले. हेही लिहायला हवं. दीडशेवर माणसं कवेलू जिभेला चिकटलेलं पाहूनही रांगेत बसून राहिली, आणि महाराजांनी नवं दूध मागवलं. पुढे तक्रार झाली, पोलिस आले, महाराज महिनाभर दिसले नाहीत, आणि आता म्हणे दुसऱ्या तालुक्यात दगड लावतात. पाच माणसं बरी झाली की लोक जाहिरात करतात. सहावं मेलं की त्याच्या घरात खोट शोधतात. हा धंदा दगडावर चालत नाही, आपल्या या सवयीवर चालतो.

गोळ्यांनी देवकाबाईच्या जखमा बऱ्याचशा सुकल्या. वास गेला. रंजिताला मुलगी झाली. देवकाबाईनं तिला डाव्या कुशीत घेऊन न्हाऊ घातलं, आणि डिसेंबरात, घरीच, ती गेली.

तेरवीच्या दिवशी माणसं जेवून पांगल्यावर पंचफुला मागच्या अंगणात भांडी घासत होती. मागून कोणीतरी येऊन उभं राहिलं. आनंदाबाई होती. तिनं इकडेतिकडे पाहिलं, पदर बाजूला केला आणि पंचफुलाचा राखेनं भरलेला हात धरून आपल्या छातीवर ठेवला. तिथं लिंबाएवढी गाठ होती.

"कधीपासून?" पंचफुलानं विचारलं.

"वर्स झालं असन. पण मले दुखत नाई ना वं. दुखत नाई म्हणून..."

"देवकाबाईलेई दुखत नव्हतं," पंचफुला म्हणाली. तिनं हात धुतले, पदराला पुसले. "सकाळी साडेसातची बस हाय. मी येतो तुह्या संगं."